अर्धी सुई

— नाही अक्का, तो खण राहू द्या पिशवीतच. माप घ्यायला मला काय लागतं, आत्ता टेप काढते, पण धुळ्याहून नशिराबादला ब्लाउज शिवायला कुणी येतं का हो? धुळ्यातले शिंपी संपले का? आणि मापाचा जुना ब्लाउज न घेता कुठली बाई शिंप्याकडे जाते? — बसा, बसा. उठू नका. लाजायचं काही नाही त्यात. तुम्ही हायवेवर रिक्षातून उतरलात तेव्हाच मी ओळखलं, इथून मशीनवरून सगळा रस्ता दिसतो मला. तुमचं नाक आहे ना, ते जसंच्या तसं तेजसच्या तोंडावर आहे. तुम्ही तेजसच्या आई. मागल्या पंधरवड्यात पोरगी बघायला तेजस आला, त्याचे वडील आले, काका आले, तुमचं अंग दुखत होतं म्हणून तुम्ही नाही आलात. बरोबर ना? मग झालं. मी वच्छला, मयुरीची आई. आता ते मघाचं खोटं नाव — काय सांगितलंत, सोनवणे? — ते सोडून द्या. पाणी घ्या. माठातलं आहे, फ्रिजचं नाही.

आता तुम्ही काय ऐकून आलात ते मी सांगू? — तुम्ही नका सांगू, मीच सांगते. धुळ्यात कुणीतरी तुम्हाला म्हणालं, जी पोरगी करताय तिला मिरगी आहे. तिचं डोकं फाडलंय. कानामागं एवढी लांब खूण आहे, केसांनी झाकते. — हो का नाही? मान हलवू नका नुसती. आणि आमच्या घरच्यांनी, म्हणजे मयुरीच्या बाबांनी, बन्सीलालरावांनी, तुमच्या माणसांना काय सांगितलं? की ती लहानपणी झोक्यावरून पडल्याची खूण आहे. कुठला झोका? आमच्या घरात झोका बांधायला कडी नाही! ते खोटं बोलले, अक्का. मी तेव्हा पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होते, ऐकलं मी, आणि चार माणसांसमोर नवऱ्याचं तोंड कसं धरायचं म्हणून गप्प बसले. पंधरा दिवस ते गप्प बसणं मला खातंय. आता तुम्ही पायानं चालत आलात माझ्या दारात, तर ऐकूनच जा. दुकानात आज कुणी नाही. आलं तरी मी पडदा ओढणार नाही.

तर — तेराव्या वर्षी पहिली फिट आली. शाळेत, प्रार्थनेच्या रांगेत. नंतर महिन्यात दोन, मग आठवड्यात दोन. आधी नुसती बघत राहायची, ओठ चावल्यासारखे करायची, हातानं ओढणी चाचपत राहायची — हाक मारली तरी नाही — आणि मग धाडकन खाली. सासूबाई म्हणायच्या, "पोरले बाहेरनं लागेल शे." मग बाहेरचं बघितलं. गंडा बांधला, दोरा बांधला, कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. — हसताय? तुमच्याही घरात हुंगवली असेल कुणालातरी. मग डॉक्टर. जळगावला मोठ्या चुंबकाच्या मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले, ते ढणढण ढणढण आवाज करतं ते मशीन — फोटो स्वच्छ! काही दिसत नाही म्हणाले. आता काही दिसत नाही म्हटल्यावर घरातली माणसं काय म्हणणार? नाटक करते म्हणाले. परीक्षा आली की पडते म्हणाले. गोळ्या तीन तऱ्हेच्या, चार तऱ्हेच्या, गोळ्यांनी पोर दिवसभर पेंगायची आणि तरी पडायची. सात वर्षं, अक्का. सात वर्षं मी चुलीवर काही ठेवून अंघोळीला गेले नाही.

मग जळगावलाच एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, फोटोत दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. डोक्याचा फोटो काढला, पण डोकं काम करताना काय करतं ते कुठं बघितलं? — मला पटलं ते. मशीनचा फोटो काढून शिलाई का तुटते ते कळतं का? ते चालवून बघावं लागतं, कान देऊन ऐकावं लागतं. तर त्या म्हणाल्या, बेंगळुरूला एक मशीन आहे, मेग म्हणतात त्याला, ते डोकं ऐकतं. आपल्या डोक्यात म्हणे सारखी बारीक बारीक वीज वाहत असते, तुमच्या आत्ता वाहतेय, माझ्याही. आणि जिथं वीज तिथं तिच्याभोवती चुंबक. म्हणजे माणसाच्या डोक्याभोवती चुंबक असतो, पण किती? ही आपली जमीन सगळी एक चुंबक आहे, होकायंत्राची सुई जिच्यामुळं फिरते, त्याच्या अब्जाव्या हिश्श्याइतका! अब्ज म्हणजे किती मला विचारू नका, मयुरीनं सांगितलं आणि मी पाठ केलं. फिट जिथून सुटते तिथं मधेमधे ठिणगी उडते, फिट नसतानाही, आणि ते मशीन त्या ठिणगीचा चुंबक पकडतं आणि जागा दाखवतं — इथून. बोट ठेवून.

घरात सांगितलं तर मोठा तमाशा. बन्सीलालराव म्हणाले, "तुनं डोकं फिरनं का? बठ्ठा गावमा दवंडी पिटी दे!" सगळ्या गावाला कळेल म्हणे. वीस वर्षांची पोर, आता स्थळं बघायची, आणि तू तिला डोक्याच्या दवाखान्यात नेते? मी म्हटलं, नेते. "मी येवाव नही." मी म्हटलं, नका येऊ. भुसावळला गाडीत आम्ही दोघीच बसलो. मी त्याआधी नाशिकच्या पुढं गेले नव्हते. सोनगीरचं माहेर, नशिराबादचं सासर, एवढीच माझी दुनिया. पण गेले. भाषा येत नव्हती तरी गेले. आणि तुम्हाला सांगते, जाताना दोघींचे कपडे मी स्वतः शिवले, कारण कागदावर लिहिलं होतं, अंगावर धातू नको. हूक नको, चेन नको, टिचबटन नको. मी सगळं नाडीचं शिवलं. आईला त्या खोलीत पोरीजवळ बसता येतं, पण आईच्याही अंगावर काही नको. मग मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, पायातलं, नाकातलं, केसांतल्या पिना. आमच्या सासूबाई असत्या तर तिथंच रडल्या असत्या. मला काही वाटलं नाही. खरं सांगते, हलकं वाटलं.

ती खोली बघायला हवी होती तुम्ही. दार असं जाड, तिजोरीसारखं, आणि भिंतींत कसल्यातरी खास धातूचे पत्रे, थरावर थर — का? तर बाहेरचा चुंबक आत येऊ नये. लिफ्ट वर गेली, खाली गेली, रस्त्यावरून ट्रक गेला, तेवढ्यानंही त्या मशीनला त्रास होतो. आणि मध्ये एक भलामोठा पांढरा पिंप, त्याच्या खालच्या बाजूला टोपीसारखी खोल जागा, तीत डोकं घालून बसायचं. आवाज नाही, हलणं नाही, काही नाही. त्या पिंपात म्हणे तीनशे बारीक बारीक कडी आहेत, ज्यांत वीज जराही न अडखळता वाहते, आणि तशी वाहायला त्यांना थंडी लागते — कसली थंडी? बर्फ नाही हो! शून्याखाली दोनशे एकोणसत्तर. हेलियम नावाचा वायू पातळ करून भरलेला असतो, त्यात ती कडी बुडवलेली. आणि पोरीच्या डोक्याला थंडी लागत नाही, थर्मासमधला चहा बाहेर चटका देत नाही तसं. तिथं एक मुलगी काम करायची, भूमिका तिचं नाव, सोलापूरकडची निघाली. मराठी ऐकल्यावर मला तर देवच भेटला. तिनं मयुरीच्या डोक्यावर पेनानं टिपके टिपके घेत सगळा आकार टिपला, कपाळ, नाक, कान. मी म्हटलं, टोपी शिवताय का? खूप हसली. चांगली मुलगी.

मग झालं ते. म्हणजे पहिल्या वेळी नाही झालं. काही अडचण आली, परत यावं लागलं, दीड महिन्यानं परत गेलो, आणि दुसऱ्या वेळी सगळं व्यवस्थित झालं, जागा सापडली. डाव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला. पडद्यावर डोक्याचं चित्र, आणि त्यात ठिपके, सगळे एका जागी गोळा, जशा टाचण्या एका उशीत. सात वर्षं लोक म्हणत होते नाटक करते. हे घ्या नाटक. मी त्या पडद्याकडे बोट करून — काय? — काय अडचण म्हणजे? — असंच. मशीनची. तांत्रिक. — मशीनची नव्हती.

बघा, तुम्ही असं रोखून बघता, म्हणून माणसाच्या तोंडून निघतं. बरं. निघालंय तर निघू दे. हे मी बन्सीलालरावांनाही आजपर्यंत सरळ सांगितलेलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीचे दिवस, दुकानात ही गर्दी. मयुरी एकोणीसची, तुरपाईला बसलेली. आता शिंप्याच्या घरातली माणसं सुई कुठं खोचतात? इथं, खांद्यावर. ही बघा माझी. दोरा ओवलेली सुई खांद्याला, हात गेला की मिळते. तशी तिचीही, डाव्या खांद्याला. आणि तिला फिट आली. स्टुलावरून डाव्या अंगावर पडली. तीन बायका दुकानात उभ्या! मी काय केलं? पोरीकडे गेले का? आधी पडदा ओढला. आधी पडदा, अक्का, मग पोर. बायकांना म्हटलं, उपास होता हो, चक्कर आली, तुम्ही उद्या या. त्या गेल्या. मग मी तिच्याजवळ बसले. ती शुद्धीवर आली आणि खांद्याला हात लावून कळवळली. बघते तर कुडत्याला अर्धी सुई, नाकाकडची, दोरा लोंबतोय. पुढची अर्धी कुठंय? खाली पडली असेल म्हटलं. आमच्याकडं एक लोहचुंबक असतो, सांडलेल्या टाचण्या गोळा करायला, तो मी सगळ्या फरशीवरून फिरवला. कोपऱ्यांतून, मशीनच्या पायाखालून, उंबऱ्याच्या फटीतून. टाचण्या आल्या, हूक आले, सुईचा तुकडा नाही आला. मग मी तो लोहचुंबक — मी तो तिच्या खांद्याजवळ नेला. नुसता जवळ. आणि ती म्हणाली, "आई, आत टोचतंय."

म्हणजे मला कळलं होतं. कळलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. मला तेव्हाच कळलं होतं.

दवाखान्यात का नाही नेलं? — विचारा ना, तोंडानं विचारा. कारण आठव्या दिवशी स्थळ येणार होतं. चोपड्याचं. दवाखान्यात नेलं असतं तर डॉक्टर म्हणाला असता, सुई आत गेली कशी? पडली कशी? आणि त्या तीन बायकांतली एक चोपड्याकडची होती. मी पोरीला म्हटलं, गप्प बस, दोन दिवसांत बसेल. हळद लावली, पट्टी बांधली. वरची जखम भरली. आणि आठव्या दिवशी माझी पोर साडी नेसून, खांद्यात अर्धी सुई घेऊन, चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यासमोर गेली. ट्रे जड होता. तिचा चेहरा मी बघत होते. एक थेंब सांडला नाही. — आणि ते लोक नाही म्हणाले. का? तर मुलगी उंचीला कमी वाटते.

तर बेंगळुरूला. भूमिकानं विचारलं, अंगात कुठं धातू आहे का? सळई, पट्टी, दातात काही? मी म्हटलं, नाही. कागदावर लिहिलं, नाही. मयुरी माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं बघत नव्हते. मशीन चालू झालं. मी आत बाजूला खुर्चीवर. थोड्या वेळात थांबवलं. बाहेरून माईकमधून भूमिका म्हणाली, काकू, केसांत पिन राहिली का? नाही. परत बघितलं. एक कडं घेऊन तिच्या अंगावरून फिरवलं, अंगात काही चुंबकपणा चढला असेल तर उतरवायला. परत चालू. परत थांबलं. मग मला बाहेर बोलावलं आणि आत मयुरीला एकटीला विचारलं. मी बाहेर, पडद्यावर तिला बघतेय. ती नाही म्हणाली. मला वाचवायला, अक्का! डोकं त्या टोपीत, आणि माझी लाज राखायला नाही म्हणाली माझी पोर.

भूमिका रागावली नाही. तिनं मला पडद्याजवळ बसवलं. म्हणाली, काकू, ह्या बारीक रेघा बघा, ह्या तुमच्या मुलीच्या मेंदूच्या. आणि ही बघा. एक रेघ अशी वर जायची, खाली यायची, वर जायची, खाली, एवढी मोठी, की तिच्याखाली बाकी सगळ्या बुडालेल्या. तिनं माईकमधून सांगितलं, मयुरी, श्वास रोखून धर. रेघ थांबली. आता सोड. रेघ चालू झाली. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. डाव्या बाजूला जास्त. मग ती मला एवढंच म्हणाली, "काकू, हे मशीन मेंदूतली ठिणगी ऐकतं. याच्यासमोर काही लपत नाही हो. खांद्यात काय आहे?"

मी तिथंच खाली बसले. फरशीवर. आणि सांगितलं. पडदा ओढल्यापासून सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी सगळं सांगितलं, आणि ते एका परक्या मुलीला. तिथले मोठे डॉक्टर आले, त्यांनी एक्स-रे काढला. एवढीशी पांढरी रेघ, गळ्याच्या हाडाखाली. सरकली होती, खांद्यावरून पुढं. ते म्हणाले, हिला जर मधल्या काळात मोठ्या चुंबकाच्या मशीनमध्ये घातली असती, तुम्ही असंच नाही म्हणून — तर तो तुकडा आत ओढला गेला असता, आणि तिथून फुप्फुस लांब नाही. एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तर ती होती तांत्रिक अडचण. मी होते.

सुई काढली, लहानसं ऑपरेशन. दीड महिन्यानं परत गेलो, आणि आता जागा सापडली. सापडल्यावर लगेच कापलं असं नाही. आणखी तपासण्या, आणि त्याच मेगमध्ये बसवून तिला शब्द ऐकवले, मराठी शब्द, भूमिकानं वाचून दाखवलेले. घर, पाणी, चिमणी. तिचं बोलणं डोक्यात कुठं आहे ते बघायला, म्हणजे चाकू तिथं जाऊ नये. डॉक्टर म्हणाले, खात्री नाही, शंभरात साठ-सत्तर. बन्सीलालराव तेव्हा मात्र आले. आले आणि ऑपरेशनच्या दारात सहा तास उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. वाईट माणूस नाही तो. भितो. मीही भीतच होते की. ऑपरेशननंतर दोन महिने पोरीला शब्द सापडायचे नाहीत. कात्रीला म्हणायची, "ते कापायचं". मला आई म्हणायची, पण वच्छला हे नाव आठवायचं नाही. मी म्हटलं, नको आठवू बाई, तेवढं चालेल. मग आले शब्द, एकेक करत. पाचव्या आठवड्यात एक फिट आली, त्या दिवशी मी जेवले नाही. ती शेवटची. आता पौषात चार वर्षं होतील. एक गोळी चालू आहे. मी तुम्हाला बंद आहे असं सांगणार नाही. चालू आहे, आणि कदाचित जन्मभर चालू राहील.

आता ती काय करते माहीत आहे तुम्हाला? दवाखान्यात आहे म्हणाले असतील आमचे लोक, नर्स म्हणाले असतील. नर्स नाही. ती जळगावला डोक्याचा आलेख काढते, लोकांच्या डोक्याला तारा लावते. कोर्स केला तिनं. आणि जी आई पदरानं तोंड झाकून पोराला घेऊन येते ना, चक्कर येते म्हणून सांगत, तिच्यासमोर मयुरी केस बाजूला करते आणि कानामागची खूण दाखवते. म्हणते, चक्कर नाही मावशी, हिला फिट म्हणतात, मलाही यायची. रोज दाखवते. जगाला दाखवते. तुम्हाला धुळ्यात ज्यांनी सांगितलं ना, त्यांनाही तिनंच दाखवली असणार. तर हे काही तुम्ही शोधून काढलेलं नाही, अक्का. ते उघड्यावर ठेवलेलंच आहे. — लागण? नाही हो, लागण कसली! पुढं पोरंबाळं? डॉक्टरांना विचारा, त्यांनी तिला सांगितलंय, गोळी सांभाळून होतात. माझ्या तोंडून नको, डॉक्टरांकडून ऐका. तुमचा तेजस बघा, त्यानं भीतीचं काही विचारलंच नाही तिला, त्यानं पहिला प्रश्न काय विचारला, तर एवढी थंडी टिकवतात कशी? हेलियम उडून जात नाही का? दीपनगरच्या वीजकेंद्रात यंत्रं सांभाळणारा माणूस, त्याला —

— हं. गेलं तोंडातून.

बसा. नाही, बसा अक्का, उभं राहून ऐकू नका. हो. माहीत आहे त्याला. त्याच दिवशी, इथं, गच्चीवर. तुमच्या माणसांनी म्हटलं ना, दोघांना बोलू द्या, तेव्हा. ती टाकीशी उभी राहिली आणि तिनं आधी केस बाजूला केले, मग नाव सांगितलं. खाली तिचे बाबा झोक्याची गोष्ट सांगत होते, आणि वर पोरगी खरं सांगत होती. मला तिनं नंतर सांगितलं. आणि तिनं त्याला म्हटलं, पंधरा दिवसांत तुझ्या आईला तू सांग. तुझ्या तोंडून. नाही सांगितलंस तर माझ्याकडून नाही समज. रविवारी पंधरा दिवस झाले. आज बुधवार आहे. — म्हणजे त्यानं नाही सांगितलं तुम्हाला. हो ना? तुमच्या तोंडावरून दिसतंय. — आता त्याच्यावर चिडू नका. चिडा, पण कमी चिडा. तो घाबरला. तुम्हाला घाबरला. तुमच्या-माझ्यासारख्या आयांना आपली पोरं घाबरतात, हे आपल्याला कधी कळत नाही. माझी मला घाबरून टोपीत डोकं घालून खोटं बोलली होती.

तर असं आहे. मयुरीनं काल मला सांगितलं, आई, तो विषय संपला. रडली नाही, डबा भरला आणि ड्युटीला गेली. आता तुम्ही आलात. आता तो विषय संपला की नाही, ते मला माहीत नाही, आणि मी ठरवणारही नाही. हात जोडू? नाही जोडणार. पदर पसरू? अक्का, मुलीच्या आईनं पदर पसरायचा असतो हे मला पाठ आहे, माझ्या आईनं पसरला होता. मी नाही पसरणार. माझ्या पोरीत काही कमी नाही. कमी होतं ते माझ्यात होतं, आणि ते मी तुम्हाला दाखवलं. तुमच्या घरात असं काही झाकलेलं नसेल तर देव तुमचं भलं करो. — नाही, मी टोमणा मारत नाहीये. खरंच म्हणतेय.

निघताय? बरं. धुळ्याची एसटी हायवेच्या पलीकडून मिळेल, किंवा जळगावला जाऊन बसा, जागा मिळते. जळगावला गेलात तर दवाखाना स्टँडपासून जवळ आहे, ती पाचपर्यंत असते. नाही म्हणायचं असेल तर तिला सांगा. हो म्हणायचं असेल तरी तिलाच सांगा. मला फोन करू नका, तिच्या बाबांना तर मुळीच करू नका, तिच्या वतीनं बोलायचं मी सोडलंय. आणि घरी गेल्यावर तेजसला एकच विचारा, मला का नाही सांगितलंस, आणि मग तो काय म्हणतो ते मध्ये न बोलता ऐका. जमलं तर. मला नव्हतं जमलं.

थांबा, थांबा. चपला उन्हात राहिल्यात तुमच्या, दुपारभर तापल्या असतील, पाय पोळेल. — पाणी ओतते त्यांच्यावर. — झालं. घाला आता. जा.